डाव्या बाजूचा वास

सकाळी जपाला बसले होते आणि माळेतला पुढचा मणी बोटांना सापडेना. मणी होता तिथंच होता. माझंच लक्ष कुठंतरी अडकलं होतं, आणि कुठं ते कळायला थोडा वेळ गेला. खिडकीतून पेट्रोलचा वास येत होता. बेळगावात टिळकवाडीतल्या या घरात वासांची कमी नाही. समोरून टांगे जातात, पलीकडं रेल्वेचा कोळसा आहे, शेजारचे पेन्शनर मामलेदार उठल्याउठल्या विडी पेटवतात. पण हा वास रस्त्यावरून आलेला नव्हता. मागच्या पत्र्याच्या शेडमधून, ताडपत्रीखालून निघून, कर्दळीच्या वाफ्यावरून तो आला होता, आणि घरच्या माणसानं न विचारता आत यावं तसा माझ्या डाव्या अंगाला येऊन बसला होता. मी माळ डोळ्यांना लावून डबीत ठेवली. जप अर्धाच राहिला.

शेडमध्ये माझा मुलगा पारिसा उभा होता. अंगात बनियन, नाकावर रुमाल. कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो तेव्हा तो मोठा वकील दिसतो. इथं मोटारीपुढं तो निपाणीतला लहानपणीचाच पारिसा दिसत होता. ताडपत्री काढलेली होती.

"आई, तू कशाला आलीस उठून?"

"वास आला."

"येणारच. काल संध्याकाळी रेशनच्या कूपनचं पेट्रोल घातलं आणि चालू करून बघितली. झाली गं लगेच चालू. पण आत बसवत न्हाय, डोकं भणभणतंय." त्यानं रुमाल खाली घेतला. "रविवारी लोंढ्याचे ते लाकडाचे ठेकेदार बघायला येणार. त्यांच्या पोराला पायजे ही. असा वास आला तर ते आत पाय तरी ठेवतील काय? मग भंगारवाल्यालाच बोलवायला लागंल."

मोटार द्यायची हे आमचं ठरलेलं होतं. मीच हो म्हटलं होतं. पत्र्याखाली गंजत राहण्यापेक्षा कुणाच्या तरी पोरानं ती पळवावी, असं मी म्हणाले होते आणि ते खरंही होतं. तरी त्या सकाळी मी तिच्याजवळ गेले, दारावर हात ठेवला, आणि वास असा आत ओढून घेतला की पारिसानं माझ्याकडं चमत्कारिक नजरेनं पाहिलं. त्याला तो पेट्रोलचा वास होता. मला निपाणीच्या वाटेवरचा तवंदीचा घाट दिसत होता, पदराचं टोक दातात धरलेलं, आणि उजव्या हाताला हे.

'हे' म्हणजे माझे मालक. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. लोक त्यांना पायगोंडाण्णा म्हणत. निपाणीत तंबाखूची वखार होती. जन्मभर तंबाखू विकली आणि कधी चिमूटभर तोंडात टाकली नाही. कपडे साधे, बोलणं कमी, देवळात जाणं नेमानं. असा माणूस एके दिवशी बेळगावच्या कॅम्पातून दोन माणसांपुरती, शर्यतीची, हिरव्या रंगाची मोटार घेऊन आला, तेव्हा आमच्या पेठेत लोक दुकानं सोडून रस्त्यावर आले. लढाईच्या आधी दहाएक वर्षांची ही गोष्ट. कुणा गोऱ्या लष्करी इंजिनियराची ती होती. तो विलायतेला परत चालला होता. मोटारीचं नाक लांब, शेपूट निमुळतं, वरचं कापडी छप्पर मागं घडी होऊन पडायचं. दार इतकं ठेंगणं की आत चढायच्या ऐवजी उतरावं लागे. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "हे काय आणलंय? चप्पल हाय का मोटार?" हे नुसते हसले. मला म्हणाले, "बस."

मी बसले नाही. आत सगळं चामडं होतं. गादीला चामडं, दाराच्या आतल्या बाजूला चामडं, आणि नाकावरून आडवा गेलेला, झाकण उडू नये म्हणून आवळलेला रुंद चामड्याचा पट्टा. माझा चामड्याचा नियम होता. आमच्या जैन घरात तसंही चामड्याच्या बुधल्यातलं तेल चालत नसे, मोटेचं पाणी प्यायला घेत नसत. पण माझा नियम त्याहून कडक होता आणि माझा एकटीचा होता. माझी पहिली मुलगी ब्राह्मी तापात गेली त्या वर्षी स्तवनिधीला मुनींच्या पुढं मी तो घेतला होता. चामडं अंगाला लावायचं नाही, चामड्याच्या सावलीत बसायचं नाही. काहीतरी सोडल्याशिवाय मला त्या वर्षातून बाहेर पडता येत नव्हतं. हे तेव्हा शेजारी हात जोडून उभे होते. मुनींनी विचारलं, तुम्ही काय सोडता? हे म्हणाले, व्यापाऱ्याला नियम झेपत न्हाय महाराज, मोडायचं पाप नको. आणि काही सोडलं नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मुलगी दोघांची होती.

मोटारीतल्या चामड्याचं मी यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन पुन्हा बेळगावला गेले आणि बऱ्याच दिवसांनी आले. वडगावच्या विणकराकडून मुद्दाम जाड तांबडं कापड विणून घेतलं होतं. गाद्या, दारं, सगळीकडं ते बसवलं होतं. नाकावरचा पट्टा काढून तिथं खाटेची नवार आवळली होती. त्या नवारीचं गावाला इतकं हसू आलं की पुढं कित्येक वर्षं आमची मोटार निघाली की पोरं मागून ओरडायची, "नाड्याची मोटार आली, नाड्याची मोटार आली." यांनी कधी मागं वळून पाहिलं नाही. त्या दिवशी अंगणात मोटारीवर हात ठेवून मला म्हणाले, "आता हिच्यात चामड्याचा कण न्हाय. माझा शबूद. बस." आणि मी बसले. त्यानंतर तेरा-चौदा वर्षं, ते जाईपर्यंत, मी त्या डाव्या बाजूला बसत आले. देवळाला जायची धुतली वस्त्रं नेसून बसले. पर्वात उपास करून बसले. ब्राह्मीच्या तिथीला स्तवनिधीला गेले ती त्याच मोटारीतून.

पारिसानं मष्णूला बोलावणं धाडलं. मष्णू सांबऱ्याचा. लढाईत तिथं विमानतळ झाला तेव्हा गोऱ्यांच्या हाताखाली आपण विमानं दुरुस्त करत होतो, असं तो सांगे. पारिसाचं म्हणणं, तो विमानांची चाकं धूत असणार. काही का असेना, गोरे आवरून चालले, विमानतळ रिकामा झाला, आणि मष्णू सायकलला हत्यारांची पिशवी लावून बेळगावभर मोटारी दुरुस्त करत हिंडायला लागला. तो आला, मोटारीभोवती एक फेरी मारली, आणि नवारीजवळ थांबला.

"वकीलसाहेब, हे काय? चड्डी घातलीया व्हय हिला?"

पारिसानं त्याला सगळं सांगितलं. माझा नियम, आप्पांनी केलेली अदलाबदल. तो ते जरा लाजतच सांगत होता. मष्णू ऐकत ऐकत बॉनेट उघडत होता. मी शेडच्या तोंडाशी पाटावर बसले होते.

"भारी माणूस म्हणायचा," मष्णू म्हणाला. "सीटचं काढलं, पट्ट्याचं काढलं. पर आतलं कोण काढणार? हिची टाकी बघा, फुडं हाय, ह्या घड्याळांच्या मागं, पायांच्या वर. टाकीच्या बुडाला तोटी. तोटीत चामड्याचं वायसर असतंय. त्याबिगर पेट्रोल थांबतच न्हाय. ते काढलं तर मोटार कसली, पाण्याची झारी." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

"तोटी कुठल्या बाजूला म्हटलास?" मी विचारलं.

"डाव्या, आक्का. बाजूला बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या वर."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो पुन्हा खाली वाकला. पारिसानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. मी पाटावरून उठले आणि घरात आले. कशाला आले ते आठवेना. स्वयंपाकघरात उभी राहिले. पाण्याच्या हंड्यावर गाळणं बांधलेलं होतं, ते सोडून पुन्हा बांधलं. माझ्या गुडघ्यावर, लुगड्याच्या निऱ्यांवर, वीतभर उंचीवर इतकी वर्षं चामड्याचा एक तुकडा लोंबत होता आणि मी त्याच्या सावलीत हात जोडून बसत होते. आणि यांना ते माहीत असणार. मोटारीचा खिळा न खिळा ते ओळखत होते. माझा शबूद, असं म्हणाले होते. बायकांना काय कळतंय, एवढ्याशा वायसराचं काय मोठं, असं मनात म्हणाले असतील का? लहान मुलाच्या हातात रिकामी मूठ देऊन, खाऊ आहे म्हणावं, तसं? माणूस गेल्यावर त्याच्याशी भांडता येत नाही. तो गप्प बसतो आणि आपणच दोन्ही बाजूंनी बोलत राहतो.

मष्णूनं दुपारपर्यंत पुष्कळ काही केलं. इंजिनाजवळची नळी हातानं चाचपली, कार्बोरेटर उघडून फुंकला, टाकीचं झाकण हुंगलं. एकेका जागेवर नाक नेऊन तो डोळे मिटून घेई, वैद्यानं नाडी बघावी तसा. शेवटी म्हणाला की वास गादीच्या कापसात मुरलाय. तांबड्या गाद्या उसवून कापूस अंगणात उन्हात पसरला. सुनेनं खिडकीतून पाहिलं आणि पारिसाला म्हणाली, "मोटारीच्या बाळंतपणाची गादी करतायसा व्हय?" आम्ही सगळेच हसलो. मीही हसले. कापूस वाळला, पुन्हा भरला, मष्णूनं मोटार चालू केली, आणि वास आला. तोच वास. जरा जास्तच.

"तोटी बघितलीस का?" पारिसानं विचारलं.

"हात लावून बघितलं की. कोरडी हाय. आणि ती जागा गळायची न्हाय साहेब. चामडं पेट्रोलात एकदा फुगलं की दगडागत बसतंय. जागा दुसरीच हाय. उद्या येतो, सगळं खोलतो."

तो गेला. संध्याकाळचं जेवण आमच्याकडं दिवसाउजेडी होतं. मी पानावर बसले. उन्हं परसात तिरकी आली होती आणि माझ्या डाव्या गालावर पडत होती. बेळगावहून निपाणीला संध्याकाळी परत जाताना सूर्य असाच डाव्या बाजूला, माझ्या बाजूला असायचा. दिवस मावळायच्या आत घर गाठून जेवायचं, नाहीतर उपाशी झोपायचं; त्यामुळं ती मोटार यांनी कुणा गोऱ्याशी नाही, सूर्याशी पळवली. काकती मागं टाकली की नजर रस्त्यावरून न काढता विचारायचे, "कुठवर आलाय गं?" मी हात लांब करून बोटं आडवी धरायची आणि सांगायची, "झाडाच्या शेंड्यावर हाय." यमकनमर्डीला पुन्हा, "आता?" "डोंगराला टेकला." मग ते काहीतरी दाबायचे आणि मोटार अशी उठायची की माझा पदर मागं उडून जायचा. बऱ्याचदा आम्ही हरायचो. मग संकेश्वरला नदीकाठी मोटार थांबवून, उरलेल्या उजेडात, तिच्याच लांब नाकावर फडकं पसरून सोबतच्या भाकरी खायचो. नाक गरम असायचं. भाकरीही खालून गरम व्हायची. तसलं जेवण मला पुन्हा कधी मिळालं नाही.

आणि वास? मी तिथं थांबले. त्या संकेश्वरच्या भाकऱ्यांना वास होता का? पहिल्या वर्षीच्या नव्हता. हे मला पक्कं आठवलं, कारण पहिल्या वर्षी माझी बहीण चंदना माहेरपणाला आली होती आणि तिला डोहाळे लागले होते. फोडणीचा वास आला तरी तिला उलटी व्हायची. त्या चंदनाला मी डाव्या बाजूला बसवून, स्वतः अवघडून मध्ये बसून, स्तवनिधीला नेलं होतं, आणि ती म्हणाली होती, घरापेक्षा हिच्यातच बरं वाटतंय गं. तेव्हा वास नव्हता. वास नंतर आला. कधीतरी दुसऱ्या वर्षी. घरी आल्यावर लुगडं बदलताना निऱ्यांच्या काठाला यायचा, नेहमी डाव्या पायाकडच्या. मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "मोटार जुनी व्हायला लागली. माणसाचं कसं, तसंच." मग काही दिवस वास जायचा. मग परत यायचा. जुनं झालेलं माणूस एवढ्या नेमानं बरं होऊन आजारी पडत नाही. पण तेव्हा मला ते सुचलं नाही. वासाची मला सवय झाली, आणि पुढं आवड.

दुसऱ्या दिवशी मष्णू आला तेव्हा मी आधीच शेडमध्ये होते. "मी डाव्या बाजूला बसते," मी म्हणाले. "तू चालू कर."

"आक्का, वास डोस्क्यात जाईल."

"जाऊ दे."

पारिसा म्हणाला, "आई, तुझा नियम..." आणि थांबला. मला काय भीती होती ती त्यालाही कळली होती तर.

"बघायचंच हाय मला," मी म्हणाले.

पुष्कळ दिवसांनी मी त्या ठेंगण्या दारातून आत उतरले. गुडघे पूर्वीसारखे वाकेनात. समोर त्या काचेच्या तबकड्या. मराठी अक्षरं मी उतारवयात शिकले, इंग्रजी राहूनच गेली. त्यांच्यावर काय लिहिलंय ते मला तेव्हाही कळत नव्हतं आणि अजूनही कळत नाही. मष्णू उजव्या बाजूला बसला. ती जागा भरलेली बघून मी नजर पुन्हा तबकड्यांवर आणली. मोटार चालू झाली, सगळी थरथरायला लागली, माझे दात, बांगड्या नसलेले हात, सगळं. पहिल्यांदा काही नाही. मग वास आला. मी डोळे मिटले. तो गादीतून येत नव्हता, पुढून इंजिनाकडूनही येत नव्हता. तो गुडघ्यापाशी उगवत होता. मी लुगड्याचा काठ उचलून हातात धरला, जसा घरी आल्यावर धरायची तसा, आणि थोड्या वेळानं त्या काठावर गार, ओला ठिपका पडला.

"बंद कर," मी म्हणाले. "इथं हाय. माझ्या काठावर पडतंय. मोटार हलली की गळतंय, उभी असली की न्हाय. म्हणून तुझ्या हाताला लागलं न्हाय."

मष्णूनं वाकून पाहिलं. बोट लावलं. ते हुंगलं. "तोटीच," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा पडला. "चामडं सुकलं असंल वर्षानुवर्षं रिकामी राहून. बदलतो. माझ्याजवळ चांगलं, मऊ चामडं हाय, चकती कापतो."

त्यानं टाकीतलं पेट्रोल डब्यात उतरवून घेतलं आणि पान्यानं तोटी सोडवायला घेतली. मी उतरले नाही. आता उतरून काय होणार होतं? त्या क्षणी मला वाटत होतं की मी ब्राह्मीशीच खोटं वागले, आणि यांनी मला ते करू दिलं. पारिसा शेडच्या खांबाला धरून उभा होता. त्याला पुढं यायचं होतं आणि येववत नव्हतं. तोटी हातात आली. मष्णूनं तिच्यातून काहीतरी टोकरून काढलं, तळहातावर घेतलं आणि उजेडात धरलं.

"ह्येच्या आयला," तो हळूच म्हणाला. "आक्का, हे चामडं न्हवं."

तो एक कडक, पिवळट गोल होता, लहानशा बांगडीसारखा. एका बाजूनं तडकलेला. मष्णूनं नखानं त्याची कड सोलली आणि आतून कापडाचे थर निघाले, एकावर एक घट्ट गुंडाळलेले. पांढरं कापड, जुनं, मऊ झालेलं. त्यानं कडेचा एक पिवळा कण दातांखाली धरला आणि थुंकला. "डिंक. कापड डिंकात बुडवून वळी केलीया. बाभळीचा डिंक हाय ह्यो, खायचा. पेट्रोलात डिंक इरघळत न्हाय, ते खरं. पर वाळला की तडकतंय, आणि पेट्रोलात पाण्याचा थेंब आला की मऊ पडतंय. दर दोन-चार म्हैन्यांनी बदलायला लागत असंल. एवढी उठाठेव कोण करतंय, चामड्याची एक चकती टाकली की सुटला."

मी तो तुकडा घेतला. कापड ओळखायला मला वेळ लागला नाही. ते आमचं पाणी गाळायचं कापड होतं, जुनं झालं की मी घडी करून फळीवर ठेवायची ते. हे त्याच कापडातून पेट्रोलही गाळून घालत. निपाणीत पंपावरचा माणूस विचारायचा, "आण्णा, पेट्रोलात जीव असत्यात व्हय?" आणि हे शांतपणे म्हणायचे, "असले तर?" सगळे मोटारवाले पेट्रोल मऊ चामड्यातून गाळत, त्यातून पाणी जात नाही. यांनी तेही कापडातूनच गाळलं. पाणी गेलं असणार. डिंक मऊ पडला असणार. परत केला असणार. परत.

आणि मग मला डिंक आठवला. म्हणजे डिंकाचा डबा, निपाणीच्या स्वयंपाकघरातला, आणि दारात उंबऱ्याशी उभे असलेले हे. "अगं, डिंक हाय काय जरा?" मी म्हणायची, "कशाला? बाळंत झालायसा काय?" ते म्हणायचे, "गुडघं दुखत्यात." दर दोन-चार महिन्यांनी. मी चिमूटभर द्यायची, ते मुठीत धरून वखारीकडं जायचे. मला वाटायचं, वाटेत खातात. मग मी दर थंडीत त्यांच्यासाठी म्हणून डिंकाचे लाडू करायला लागले. लाडू त्यांना आवडत नव्हते, हे मला ठाऊक होतं. पण गुडघे दुखतात म्हटल्यावर काय करणार? ते रोज सकाळी एक लाडू, दूध पिऊन, औषध घ्यावं तसं तोंड करून संपवायचे. जन्मात त्यांचे गुडघे दुखले नाहीत. शेवटच्या आजारातसुद्धा नाही.

पहिल्या वर्षी वास नव्हता. पहिल्या वर्षी तोटीत चामडंच होतं. त्यांना ठाऊक नव्हतं. शबूद देताना ते खरंच बोलत होते, त्यांना वाटलं होतं तसं. मग कधीतरी मोटार खोलली असेल, आणि ते सापडलं असेल. मला सांगितलं असतं तर मी किती रडले असते हे त्यांना माहीत होतं. म्हणून सांगितलं नाही. दिलेला शबूद मागून खरा करायला घेतला, आणि मग तो खरा ठेवत राहिले, डिंक मागत, लाडू खात. नियम झेपत नाही म्हणणारा माणूस. खोटं बोलले ते गुडघ्यांचं.

"आई," पारिसा आता जवळ आला होता. त्याचा आवाज वेगळा होता. "रडतीस काय?"

"न्हाय रं. पेट्रोल झोंबतंय."

मष्णू पिशवीतून चामड्याचा तुकडा काढत होता. त्यानं तो काढला, माझ्याकडं पाहिलं, आणि परत आत ठेवला. मी हात पुढं केला. पारिसानं मला धरून मोटारीतून बाहेर काढलं. मी घरात गेले, फळीवरून डबा उतरवला. सुनेनं विचारलं, काय पायजे? मी सांगितलं नाही. मूठभर डिंक वाटीत घेतला, त्यावर हंड्यातलं गाळलेलं पाणी घातलं, आणि गाळण्याची जुनी घडी काखेत मारून परत शेडमध्ये आले.

पारिसा म्हणाला, "आई, रविवारी ते ठेकेदार घेऊन जातील. गेल्या गेल्या चामडंच घालतील."

"घालू देत. त्यांची मोटार झाल्यावर त्यांनी काय पायजे ते घालावं. आज आपली हाय. उद्या दुपारी मला स्तवनिधीला न्हे, आणि दिवस मावळायच्या आत परत आण."

"एवढ्यात कसं जमंल?"

"तुझ्या आप्पांना जमायचं न्हाय. आपण बघू." मी पाटावर बसले. वाटी पुढ्यात ठेवली. डिंकाचे खडे पाण्यात नुसते पडून होते, काचेसारखे. कडेनं किंचित धुरकट व्हायला लागले होते.

मष्णूनं वाटीत डोकावून पाहिलं. मग माझ्याकडं, मग पारिसाकडं.

"काय आक्का," तो म्हणाला, "घरात कोण बाळंत झालंय?"

मला हसू आलं आणि ते आवरेना. पारिसा बघत राहिला. वास अजून होता, पण विरत चालला होता. टाकी रिकामी होती, अंगणातून वारा येत होता. "बस," मी मष्णूला म्हटलं. "भिजायला वेळ लागतोय."